आईची बाग तारण ठेवून रीफर ट्रेलर घेऊ का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय ३१. दोन गाड्या आहेत, एक १७ फुटी आयशर, तिचं कर्ज फिटलंय, आणि एक दहा टायर, तिचे १४ हप्ते राहिलेत. द्राक्षाच्या सिझनला वाशी, हैदराबाद, कधी दिल्ली, बाकी वर्षभर साखर, खत, मिळेल ते. गेल्या सिझनला दोन वेळा माल वाटेत नरमला आणि व्यापाऱ्यानं भाड्यातनं कापून घेतले. आता शोरूमवाला म्हणतोय ४० फुटी रीफर ट्रेलर घे, म्हणजे माल थंड ठेवणारा डबा, तो ओढणारा पुढचा घोडा धरून ६८ लाख. फायनान्सवाला ५८ लाख द्यायला तयार आहे, ५ वर्षं, ७ टक्के व्याज. पण आईच्या नावची दीड एकर बाग तारण मागतोय. १० लाख मला घालायचेत, बायको म्हणते दागिने घ्या. वडील आठ दिवस झाले बोलत नाहीत. दर वर्षी द्राक्षं जातातच ना ताई, मग का भ्यायचं? काय करू सांगा."

तू माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेस म्हणून अरेतुरेच करते, राग मानू नकोस. मी २१ वर्षं साताऱ्यात एका बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त गाड्यांच्या कर्जातच गेली, आणि आमच्या घरातही एक रीफर गाडी येऊन गेलीय, तिचं पुढं सांगते. आधी सरळ उत्तर देते. ट्रेलर आत्ता घेऊ नको, आणि आईच्या बागेवर बोजा तर अजिबात चढवू नको. पण रीफरचा विचारही सोडू नको, कारण तुझं डोकं बरोबर जागी गेलंय, आपल्या भागात माल थंड नेणाऱ्या गाड्या पाहिजेतच, फक्त तू शेवटच्या पायरीवर पहिल्यांदा पाय ठेवतोयस.

आता तो ७ टक्के. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, कारण गाडीला तारण देऊन ७ टक्क्यानं ५८ लाख सहज कुणी देत नाही, म्हणून मी गणित करून बघितलं. हा फ्लॅट रेट असणार. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या ५८ लाखांवरच पाचही वर्षं व्याज लावायचं, तू निम्मं फेडलंस तरी व्याज पूर्ण ५८ लाखांचंच. ५८ लाखाचे ७ टक्के म्हणजे वर्षाला ४ लाख ६ हजार, पाच वर्षांचे २० लाख ३० हजार, मुद्दल धरून ७८ लाख ३० हजार, भागिले ६० हप्ते, झाला १ लाख ३० हजार ५०० रुपयांचा हप्ता. तुझ्याकडच्या कागदावर हप्त्याचा आकडा हाच किंवा याच्या जवळचा असेल तर समजून जा की रिड्युसिंगनं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास पडतो. खरंच ७ टक्के रिड्युसिंग असता तर हप्ता १ लाख १५ हजाराच्या आतच आला असता. दोन्हीत महिन्याला साडेपंधरा हजारांचा फरक, पाच वर्षांत नऊ लाखांच्या वर.

हे तोंडी भांडून कळत नाही, कागद मागायचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, बँक असो नायतर एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली फायनान्स कंपनी, आणि त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, वर्षाचा खरा खर्च, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवायचे, बाकी गोड बोलणं सोडून द्यायचं. एपीआर सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्या ऑफिसात चहासुद्धा घेऊ नको. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती तेही बघ. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग, म्हणजे मध्ये बदलणाऱ्या दराच्या कर्जावर व्यापारी बँकांना छोट्या उद्योगांकडनं तो दंड घेता येत नाही, पण गाडीची कर्जं बहुतेक फिक्स्ड दराची असतात, म्हणून तुझ्या कागदात काय लिहिलंय तेच खरं.

तू लिहिलंस दर वर्षी द्राक्षं जातातच ना. जातात रे, पण किती महिने जातात? ऑक्टोबर छाटणीच्या बागा जानेवारीत चालू होतात आणि एप्रिलपर्यंत संपतात, म्हणजे चार महिने, त्यातही अवकाळी आला, डाउनी रोग आला की बागच्या बाग बेदाण्याच्या शेडवर जाते, आणि बेदाणा न्यायला रीफर लागत नाही. हप्ता मात्र बारा महिने आहे. वर्षाचे १५ लाख ६६ हजार झाले, ते जर चार महिन्यांच्याच भाड्यातनं काढायचे म्हटलं तर महिन्याला ३ लाख ९१ हजार ५०० नुसत्या हप्त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत, डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर, विमा, टॅक्स हे सगळं देऊन झाल्यावर. तुझ्या दहा टायरनं भर सिझनला एका महिन्यात निव्वळ किती राखले ते वहीत बघ, आणि मग मला सांग.

आणि रीफरचा एक खर्च साध्या गाडीवाल्याच्या ध्यानातच येत नाही. ट्रेलरच्या युनिटला, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्राला, स्वतःचं वेगळं इंजिन असतं, ते तासाला दोन-तीन लिटर डिझेल वेगळं खातं. गाडी ढाब्यावर उभी असली तरी खातं, टोलच्या लायनीत असली तरी खातं, मार्केटला गेट उघडायची वाट बघत असली तरी खातं. दिल्लीची खेप म्हणजे युनिट दोन-अडीच दिवस सलग चालू, कर गुणाकार. येताना रिकामी आली की सगळं बोंबललं, आणि रिकाम्या रीफरला रिटर्न भाडं लगेच मिळत नाही कारण त्यात कुणी सिमेंट, लोखंड, कांदा टाकू शकत नाही, म्हणजे टाकू नयेच, आतला पॅनेल फाटला किंवा वास बसला की पुढचा थंड माल कोण देणार?

आता तुला एक गोष्ट सांगते जी शोरूमवाल्यानं सांगितली नसणार. तू म्हणशील मी एक्सपोर्टचा माल धरतो. पण एक्सपोर्टची द्राक्षं युरोपला जातात ती ४० फुटी रीफर कंटेनरमधनं, आणि तो कंटेनर शिपिंग लाइनचा असतो. पॅकहाऊसवर रिकामा येतो, तिथं भरतात, सील होतो, न्हावाशेव्याला जातो आणि तसाच जहाजावर चढतो. वाटेत त्याला वीज द्यायला ट्रेलरवर जनसेट, म्हणजे जनरेटर लावलेला असतो. म्हणजे त्या कामाला कंटेनर ओढायचा साधा सांगाडा ट्रेलर आणि जनसेट लागतो, तुझा स्वतःचा रीफर डबा त्या कामात बसतच नाही! ६८ लाखाचा डबा घेऊन तू पॅकहाऊसच्या गेटवर गेलास तर ते म्हणतील आमचा माल लाइनच्या कंटेनरमधनं जातो. तुझा डबा चालणार देशातल्या बाजारासाठी, आणि तिथला व्यापारी अजून निम्म्या वेळा साध्या गाडीचंच भाडं देऊ बघतो. म्हणून गाडी घ्यायच्या आधी पाच व्यापाऱ्यांना विचार की रीफरला किलोमागं किती जास्त देणार, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून माग.

बाग का मागतायत ते पण समजून घे. तुझा सीए दोन गाड्यांचं रिटर्न आयकरात ४४ एई म्हणून ओळखतात त्या ठोक उत्पन्नाच्या पद्धतीनं भरत असणार, बहुतेक सगळे छोटे गाडीवाले तसंच भरतात. त्यात १२ टनाच्या आतल्या गाडीचं उत्पन्न महिन्याला ७,५०० धरतात आणि त्याच्या वरच्या गाडीला ग्रॉस वजनाच्या टनामागं १,०००. तुझी दहा टायर साधारण २८ टनाची धरली तर २८ हजार, आयशर १२ टनाच्या आतली धरली तर साडेसात हजार, मिळून ३५,५०० महिना, वर्षाला ४ लाख २६ हजार. कागदावर एवढंच उत्पन्न आणि हप्ता वर्षाला पंधरा लाख ६६ हजार. मी बँकेत असते तर ही फाइल माझ्या टेबलावरनंच परत गेली असती. जो देतोय तो तुझ्या धंद्याकडं बघून देत नाहीये, दीड एकर बागेकडं बघून देतोय. धंदा चालला तर हप्ते मिळणार, नाही चालला तर जमीन आहेच, त्याला दोन्हीकडनं बरं. आणि सातबारावर एवढा बोजा चढला की सोसायटीचं पीककर्ज काढताना आईला किती हेलपाटे पडतील ते तुझ्या वडिलांना माहीत आहे, तुला अजून माहीत नाही. ते आठ दिवस बोलत नाहीत त्याचं कारण मला तरी हेच दिसतंय.

आता आमच्या घरातलं सांगते. माझ्या दिरानं, ते वाईला असतात, बऱ्याच वर्षांमागं एक १४ फुटी सेकंडहँड रीफर घेतली होती. भिलारकडची स्ट्रॉबेरी मुंबईला न्यायची, नोव्हेंबर ते एप्रिल काम, हिशोब चांगला वाटत होता. गाडीचं इंजिन, टायर, चासी सगळं मेकॅनिकला दाखवलं, पण युनिटचं अवर मीटर कुणी बघितलं नाही, आणि रीफरमध्ये किलोमीटरपेक्षा ते तास महत्त्वाचे असतात. दुसऱ्याच सिझनला फेब्रुवारीत खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडं युनिट बंद पडलं, रात्री अकराची वेळ, मिस्त्री मिळाला दुसऱ्या दिवशी दुपारी. स्ट्रॉबेरीला शून्याच्या आसपास ठेवावं लागतं, तिचं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. विम्याचे कागद काढले तर गाडीचा विमा होता, अपघात झाला असता तर पैसे मिळाले असते, पण युनिट बिघडून माल सडला तर काही नाही, कारण तो विमाच घेतला नव्हता. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, विमा काढून देणाऱ्या एजंटनं सांगितलं नाही, आणि मी कर्ज विभागात बसत असूनही विचारलं नाही, ते मला आजही लागतं. मालाचे पैसे दिरांनी पदरचे भरले, वर्षभरात गाडी विकली, आणि उरलेल्या कर्जासाठी जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या. म्हणून तुझ्या बायकोनं दागिने पुढं केले हे वाचून मला बरं वाटलं नाही. ते राहू देत कपाटात, युनिट मध्येच बंद पडलं तर लागतील, डाउन पेमेंटला नको.

म्हणून विमा काढताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. एक, गाडीच्या विम्यात आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठीची गाडीची किंमत धरताना चासीच्या बिलासोबत बॉक्स आणि युनिटचंही बिल धरलंय का, नाहीतर जळाली तर नुसत्या चासीचे पैसे मिळतात. दोन, वाहून नेतोय त्या मालाचा विमा कुणाचा, तुझा की व्यापाऱ्याचा. आणि तिसरं, युनिट बिघडून तापमान वाढलं तर तो माल त्यात धरलाय का, हे पॉलिसीत लिहिलेलं दाखव म्हणायचं, तोंडी नको.

मग करायचं काय? तुझ्याकडं एक गोष्ट आहे तिच्याकडं तू बघतच नाहीयेस. आयशर. तिचं कर्ज फिटलंय असं तू एका ओळीत लिहून पुढं गेलास, पण तीच तुझी खरी पुंजी आहे. आधी आरसी काढून बघ, बोजा उतरलाय का. खूप जण शेवटचा हप्ता भरतात आणि तिथंच विसरतात, फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओला दिल्याशिवाय आरसीवरनं त्यांचं नाव जात नाही. ते झालं की त्या चासीवर पफचा, म्हणजे फोम भरलेल्या पॅनेलचा बॉक्स आणि गाडीच्या इंजिनवर चालणारं युनिट बसवून घे. याला ट्रेलरसारखं वेगळं इंजिन नसतं, खर्च बराच कमी, फक्त गाडी बंद की थंडावा बंद, म्हणून रात्री उभी करताना विजेवर चालवायचा स्टँडबाय घे, ते थोडे पैसे वाचवू नको. बॉडी बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीत तशी नोंद करावी लागते, बॉडीबिल्डर म्हणेल नंतर बघू, तू आधीच कर. बॉक्सचं वजन जास्त असतं म्हणून माल काहीशे किलोनं कमी बसेल, ते भाड्यात धर.

बॉक्स घेताना जाडी विचार. द्राक्षं, पनीर, श्रीखंड असं शून्य ते चार-पाच डिग्रीचं काम करायचं असेल तर पातळ पॅनेल चालतो, आईस्क्रीम न्यायचं म्हणजे वजा १८ च्या खाली, त्याला जाड पॅनेल आणि मोठं युनिट लागतं, आणि नंतर बदलता येत नाही. दाराची रबरं आणि कोपऱ्याचे जोड हात फिरवून बघ, थंडावा तिथनंच पळतो. डेटा लॉगर लावूनच घे, तो दर काही मिनिटांनी तापमान नोंदवतो, व्यापारी म्हणाला माल नरम आला तर तू कागद काढून दाखवशील की माझ्या गाडीत सगळा वेळ एक-दोन डिग्रीच होते. गेल्या सिझनला तुझे पैसे कापले गेले तेव्हा तुझ्या हातात दाखवायला काही नव्हतं.

आणि हे पण लक्षात ठेव की रीफर गाडी माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवते. शेतात दुपारी बारा वाजता तोडलेली द्राक्षं, आत ३०-३२ डिग्री, तशीच पेटीत भरून तू गाडीत घातलीस तर युनिट रात्रभर घुरघुरत राहील आणि मधल्या थराच्या पेट्या तरी गरमच राहतील. प्रीकूलिंग झालेलाच, म्हणजे आधीच थंड केलेलाच माल घ्यायचा, चढवताना काटेवाल्या थर्मामीटरनं तीन-चार पेट्यांचं तापमान बघायचं, आणि ते बिल्टीवर लिहून व्यापाऱ्याची सही घ्यायची. हे केलंस ना तर निम्मी भांडणं गेटवरच मिटतात.

समजा बॉक्स आणि युनिट मिळून ८ लाख लागले, तीन ठिकाणचं कोटेशन घेऊन बघ कमी-जास्त काय येतं, आणि सगळे ८ लाख कर्जानंच उभे केले, ११ टक्के रिड्युसिंग, ३ वर्षं, तर हप्ता २६ हजार २०० च्या आसपास येतो. कुठं २६ हजार आणि कुठं एक लाख तीस हजार. द्राक्षाचा सिझन वाईट गेला तरी दहा टायरच्या भाड्यातनं तू एवढं ओढून नेशील. तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी असेल, नसेल तर फुकट होते, लगेच कर, तर बँकेला सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी घेऊन तारणाशिवाय कर्ज देता येतं. मॅनेजरला हे नाव घेऊनच विचारायचं, नुसतं "तारण नाही साहेब" म्हटलं की ते पुढच्या माणसाला बोलावतात, मी पण तेच करायचे. आणि तू मराठा समाजातला असशील तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना बघ, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज साडेचार लाखांच्या मर्यादेत परत मिळतं, पण त्यांचं पात्रता पत्र आधी काढायचं, कर्ज नंतर, आणि हप्ता वेळेवर तूच भरायचा मग परतावा येतो. सांगली-साताऱ्यात कितीतरी पोरांनी गाड्या त्याच्यावर घेतल्यात.

आता मे ते डिसेंबर काय, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर तुझ्या घरापासनं तासाभरावर आहे. भिलवडीला, इस्लामपूरला, आणि त्याहून लांब कराडला, फलटणला डेअऱ्या आहेत. दूध टँकरनं जातं, ते तुझं काम नव्हे, पण पनीर, श्रीखंड, दही, लोणी, हे थंड गाडीतनंच जातं आणि बारा महिने जातं, श्रावणात आणि दिवाळीत तर जास्तच. डेअरीचं भाडं द्राक्षाएवढं नसतं, पैसे ३०-४५ दिवसांनी येतात, गाडी वेळेवर लावली नाही तर दंड, हे सगळं खरं आहे. पण १७ फुटी गाडी त्यांना गावागावात वितरणाला चालते, ४० फुटी ट्रेलर विट्याच्या बाजारपेठेत वळणार पण नाही, आणि पसरणी घाट चढवून पाचगणीला नेईन म्हणालास तर विसरच. डेअरीचा वर्षाचा करार हातात आला ना की तो कागद घेऊन बँकेत जा, मग बघ बोलणं कसं बदलतं. पुढच्या मोठ्या गाडीचं कर्ज त्या करारावर मिळतं, आईच्या बागेवर मागायची गरज पडत नाही.

मोठी गाडी घ्यायची वेळ येईलच, दीड-दोन वर्षांनी म्हण. तेव्हासाठी थोडं आत्ताच सांगून ठेवते. नवीन रीफरमध्ये चासीचं कर्ज आणि बॉडीचं कर्ज वेगळं धरतात. चासीला ८५-९० टक्के सहज देतात, बॉक्स आणि युनिटला हात आखडता घेतात, मग पोरं तो फरक पतसंस्थेतनं जास्त व्याजानं उचलतात, तिथंच गाडा रुततो. दोन्ही मिळून एकच मंजुरी माग. आणि चासीचे पैसे सुटले की हप्ता चालू होतो, बॉक्स मात्र बॉडीबिल्डरकडं दोन-तीन महिने पडून असतो, गाडी रस्त्यावर नाही आणि तीन हप्ते तुंबले, असे माझ्या टेबलावर किती आले असतील त्याची गणतीच नाही. मंजुरी पत्रातच लिहून घे की हप्ता पासिंगनंतर सुरू होईल, किंवा तीन महिन्यांची सवलत. सिझनप्रमाणं हप्ता पण मिळतो, जानेवारी ते मे जास्त, पावसाळ्यात कमी, फक्त मागणाऱ्याला मिळतो.

अनुदानाचं म्हणशील तर फलोत्पादन अभियानात शीतवाहनाला आपल्यासारख्या सर्वसाधारण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आहे, डोंगरी आणि अनुसूचित भागात ५०. पण ते कर्जाशी जोडलेलं आणि मागनं येणारं अनुदान आहे, तुझ्या हातात येत नाही, कर्जखात्यात जमा होतं, आणि गाडी आधी घेऊन अर्ज नंतर केला तर फाइल बाद. खर्चाची मर्यादा मधनंमधनं बदलते म्हणून चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडनं लेखी घे. दुसरा कृषी पायाभूत सुविधा निधी, २०२० ला चालू झालेला, त्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि रीफर व्हॅन त्यात बसते. तेव्हा मंजुरी चालू आहे का ते बँकेत आधी विचारायचं, मगच हिशोबात धरायचं. कुणी एजंट भेटेल, म्हणेल अनुदान मंजूर करून देतो, एवढे टक्के आधी टाका. त्याला एक रुपया देऊ नको.

जीएसटीचं एक सांगते आणि थांबते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आला, ६८ लाखात तो दहा लाखांच्या वर बसतो आणि विकणारा म्हणतो तो परत मिळतो. तो परत मिळतो जर तू भाड्यावर पूर्ण जीएसटी लावत असशील तर. शेतमालाच्या आणि दुधाच्या वाहतुकीला जीएसटी माफ आहे, आणि माफ असलेल्या भाड्यावर गाडीचा जीएसटी वजा मागता येत नाही. म्हणजे नुसती द्राक्षं नेणाऱ्याला ते दहा लाख विसरावे लागतात. सीएला तुझं कुठलं भाडं कशात बसतं ते विचार, आणि तो सांगेपर्यंत परताव्याचा एक पैसाही डाउन पेमेंटच्या हिशोबात धरू नको.

आता वडिलांचं. त्यांना पटवायला कागद घेऊन बसू नको, आधी सांग की बागेला हात लावत नाही, एवढं एकच वाक्य. मग एक दिवस त्यांना गाडीत घेऊन संध्याकाळी सहानंतर एखाद्या डेअरीच्या गेटवर जा, डिस्पॅचच्या गाड्या लागतात तेव्हा. दहा गाड्या बघा, कुठल्या साइजच्या आहेत, कुणाचे बॉक्स नवे, कुणाचे जुने, ड्रायव्हरांशी बोला, भाडं कसं मिळतं, पैसे कधी येतात, दंड कशाचा होतो. वडिलांनी आयुष्यभर द्राक्षं काढलीत, माल कशानं नासतो ते त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनाच विचारू दे. परत आलात की आयशरची आरसी काढून बघा, आणि बोजा उतरलेला नसेल तर सोमवारी आरटीओ.